केंद्राची तिजोरी आणि कोकणातले खेडे : चिंतामणराव देशमुख

महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावात आज एखाद्या कुटुंबाला घरकुल मंजूर होते, तेव्हा त्या रकमेतील साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा असतो. दिल्लीने पैसा द्यायचा, राज्याने त्यात भर घालायची आणि काम गावात उभे राहायचे, ही पद्धत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. ती स्वतंत्र भारतात रुजत असताना केंद्राच्या तिजोरीच्या किल्ल्या याच तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाच्या हाती होत्या. ते म्हणजे चिंतामण द्वारकानाथ तथा सी. डी. देशमुख.

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकिली करीत. १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि आयसीएसच्या परीक्षेतही पहिला क्रमांक मिळविला. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी प्रशासनाचा दीर्घ अनुभव घेतला. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले व १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतही त्यांनी भारताची बाजू मांडली.

१९५० मध्ये ते नियोजन मंडळाचे सदस्य आणि त्याच वर्षी केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. देश गरीब, राज्यांची उत्पन्नाची साधने तोकडी आणि गरजा मात्र अफाट, अशी त्या वेळची स्थिती होती. राज्यघटनेने केंद्राला अनुदाने देण्याचा अधिकार दिला होता; पण ती कोणत्या कामासाठी, किती आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरायचे होते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ समूह विकास प्रकल्प सुरू झाले. एका प्रकल्पात सुमारे तीनशे गावे होती. भांडवली खर्चाचा तीन चतुर्थांश आणि आवर्ती खर्चाचा निम्मा भार केंद्राने उचलायचा, उरलेला राज्याने, अशी वाटणी होती. रस्ता, विहीर वा शाळा हवी असेल, तर गावानेही श्रमदान, साहित्य किंवा वर्गणी यांच्या रूपाने आपला वाटा द्यावा अशी अपेक्षा होती. अनुदान म्हणजे दान नव्हे, ते गावाच्या प्रयत्नाला दिलेली जोड आहे, हे त्यामागचे सूत्र होते.

त्याच वर्षी औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली. राज्य सरकारे व गृहनिर्माण मंडळांना खर्चाचा निम्मा भाग अनुदान म्हणून आणि उरलेला कर्जाऊ मिळू लागला. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या आणि चाळीच्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांचा प्रश्न अशा रीतीने केंद्राच्या हिशेबात आला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना अनुदाने देण्यास प्रारंभ केला. या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई यांच्याशी चिंतामणरावांचा विवाह त्याच वर्षी झाला होता.

या पद्धतीच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. पैसा वरून आला की निर्णयही वरूनच येत. लोकांचा पुढाकार अपेक्षेइतका जागा झाला नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये काढला आणि निवडून आलेल्या स्थानिक संस्थांच्या हाती कारभार देण्याची शिफारस केली. त्यातूनच पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला.

तोवर चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा निर्णय आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास मिळालेला नकार त्यांना मान्य नव्हता. स्टेट बँकेची स्थापना आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण अशी कामे हातून झालेली असताना, जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. राज्यांना मदत देणाऱ्या केंद्राने राज्याच्या लोकमतालाही मान दिला पाहिजे, ही भूमिका त्या राजीनाम्यातून महाराष्ट्राला दिसली.

पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९७५ मध्ये पद्मविभूषण. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणण्याइतका त्यांचा संस्कृतचा व्यासंग अखेरपर्यंत ताजा होता. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. समूह विकास प्रकल्पांच्या आरंभाला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती.

नियोजन मंडळ २०१५ मध्ये इतिहासजमा झाले. घरकुलाचा हप्ता आता थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो आणि वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचतो. निधीची वाट सुकर झाली आहे. तो कशासाठी खर्च व्हावा हे ठरविण्यात गावाचा वाटा किती, हा चिंतामणरावांच्या काळातला प्रश्न मात्र प्रत्येक ग्रामसभेपुढे आजही उभा आहे.