फॅनी बुलक वर्कमन

फॅनी बुलक वर्कमन (जन्म : ८ जानेवारी १८५९, वुस्टर, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका, मृत्यू : २२ जानेवारी १९२५, कान, फ्रान्स) या अमेरिकन सायकलप्रवासी, गिर्यारोहक आणि प्रवासलेखिका होत्या. भारतीय वाचकांना त्या सियाचीन हिमनदीच्या संशोधक म्हणून थोड्याफार परिचित असतात. त्याआधीचा त्यांचा युरोपातील सायकलप्रवास मात्र सहसा दुर्लक्षितच राहतो.

त्यांचे वडील अलेक्झांडर हॅमिल्टन बुलक हे मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते. फॅनी यांचे शिक्षण न्यू यॉर्क, पॅरिस व ड्रेस्डेन येथे झाले. त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे असलेले डॉक्टर विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने विल्यम यांनी वैद्यकी सोडली व हे कुटुंब जर्मनीत राहू लागले. १८९३ मध्ये मुलगा सीगफ्रीड लहानपणीच दगावला. यानंतर पतिपत्नींच्या दीर्घ सायकलप्रवासांना आरंभ झाला. मुलगी रेचल दाया आणि निवासी शाळा यांच्याकडे वाढली. पुढे ती भूवैज्ञानिक झाली.

सायकलप्रवास

दोन्ही चाके सारख्या आकाराची असलेली ‘सेफ्टी’ सायकल तेव्हा नुकतीच रुळली होती, आणि १८८८ पासून हातात धरून वापरता येणारे गुंडाळी-फिल्मचे कॅमेरेही मिळू लागले होते. तिपाई मांडून माणसांना ताटकळत उभे करण्याची गरज उरली नाही. वाटेत भेटणारे लोक जसे असतील तसे टिपता येऊ लागले. वर्कमन दांपत्याची प्रवासवर्णने या दोन्ही साधनांवर उभी आहेत. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड येथील सफरींनंतर त्यांनी अल्जीरियाचा प्रवास केला (पुस्तक १८९५). स्पेनमध्ये ते सुमारे ४,५०० किमी. फिरले. रोजची सरासरी ७२ किमी.च्या आसपास होती आणि काही दिवशी ती १२८ किमी.पर्यंत जाई. रस्ते खडबडीत, मुक्कामाच्या जागा बेभरवशाच्या, अशा मुलखात लांब स्कर्ट घालून एका स्त्रीने हे अंतर तोडणे त्या काळी लोकांच्या कुतूहलाचा विषय न झाला तरच नवल. या प्रवासावरील पुस्तक १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्जीरियावरील पुस्तकात तेथील स्त्रियांच्या पराधीन स्थितीवर त्यांनी परखडपणे लिहिले आहे.

१८९७ ते १८९९ या काळात त्यांनी श्रीलंका, भारत, जावा व आसपासचे प्रदेश पाहिले. त्यांपैकी सुमारे २२,५०० किमी. अंतर सायकलवरचे होते. या प्रवासाच्या ग्रंथात प्राचीन मंदिरे व वास्तुशिल्प यांची छायाचित्रे विपुल आहेत. समकालीन भारतीय माणसाविषयी मात्र त्यांत फारशी आस्था आढळत नाही, ही त्याची उणीव मानावी लागेल.

हिमालय

उन्हाळ्याचा दाह टाळण्यासाठी हिमालयाकडे गेलेले हे दांपत्य तेथेच रमले आणि १९१२ पर्यंत त्यांनी आठ मोहिमा काढल्या. हमालांशी त्यांचे कधीच जुळले नाही. एका मोहिमेत तर बहुसंख्य हमाल त्यांना सोडून गेले. १९०६ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी नुन-कुन पर्वतसमूहातील पिनॅकल पीक (६,९३० मी.) चढून त्यांनी स्त्रियांमधील उंचीचा विक्रम केला. ॲनी पेक यांनी पेरूतील वास्करान शिखराची उंची अधिक सांगून हा मान आपल्याकडे घेतला, तेव्हा फॅनी यांनी सुमारे १३,००० डॉलर खर्चून त्या शिखराचे स्वतंत्र मोजमाप करविले. पेक यांचा अंदाज चुकीचा ठरला. स्वतःचे श्रेय जपण्याची ही जिद्द अनेकांना खटकली. पण तेव्हाच्या भूगोल-संस्थांत स्त्रीच्या शब्दाला किती मान होता हे पाहता ती समजण्यासारखी आहे.

१९१२ च्या सियाचीन मोहिमेत चेनोझ नावाचा इटालियन हमाल हिमभेगेत पडून मृत्यू पावला. त्यानंतरही सर्वेक्षण पूर्ण करण्यात आले. तेथील सुमारे ६,४०० मी. उंचीवरच्या पठारावर, स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारे वृत्तपत्र उलगडून उभ्या असलेल्या फॅनी यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात व्याख्यान देणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत. मृत्युपत्राद्वारे त्यांनी रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ व ब्रिन मॉर या चार महिला महाविद्यालयांना १,२५,००० डॉलर दिले.