बावीस नंबरचं दार

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. रात्रीचा दीड वाजलेला. मी हॉस्टेलच्या खोलीत आणि सर्व्हर पलीकडच्या इमारतीत, कुलूपबंद लॅबमध्ये. प्रोजेक्टसाठी त्या लिनक्स मशीनवर टाकलेल्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज टर्मिनलमधूनच करायची होती. वेब सर्व्हर सुरू झाला आणि मला नको ती हुशारी सुचली. रिमोट लॉगिनचं एसएसएच २२ नंबरच्या पोर्टवर चालतं; तो नंबर बदलला की मशीन आणखी सुरक्षित, असं कुठंतरी वाचलं होतं. कॉन्फिग फाईलमधली एक ओळ बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ऐटीत एक्झिट मारलं. झालं! फायरवॉलमध्ये नवा नंबर उघडायचा राहूनच गेला होता. जुनं दार बुजवलेलं आणि नव्या दारापुढं भिंत! सकाळी लॅबच्या काकांनी कुलूप काढून मॉनिटर-कीबोर्ड जोडला, तेव्हा कुठं मशीन ताब्यात आलं. आमचे सर रागावले नाहीत. हा २२ आकडा आला कुठून, एवढंच शोधून आण म्हणाले. शोधता शोधता मला भेटला जॉन पोस्टेल.

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तो शिकला आणि १९७४ मध्ये तिथंच पीएच.डी. झाला. इंटरनेटची आजी म्हणावी अशा आर्पानेटवरचं पहिलं रिमोट लॉगिन २९ ऑक्टोबर १९६९ ला याच विद्यापीठातून झालं. शब्दाची पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं मशीन कोसळलं. म्हणजे दूरच्या मशीनने ऐनवेळी दगा देणं हे पहिल्या दिवसापासूनचंच! पोस्टेल तेव्हा त्याच गटात शिकणारा विद्यार्थी होता.

नेटवर्क वाढलं तसा एक साधाच प्रश्न आला. एका मशीनवर फाईल देणारा, मेल घेणारा, लॉगिन देणारा असे अनेक प्रोग्रॅम. बाहेरून येणाऱ्याने दार कोणतं वाजवायचं? प्रत्येकाला ठरलेला नंबर हवा आणि एकच नंबर दोघांना जाता कामा नये. हे नंबर वाटायला कुणीतरी एक माणूस हवा, असं १९७२ मध्ये पोस्टेलनेच सुचवलं आणि ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. फाईल ट्रान्सफरला २१, टेलनेटला २३, मेलला २५. कारकुनी काम वाटेल, पण सगळ्या जगाची यंत्रं त्या वहीवर भरवसा ठेवून बोलू लागली. आजही कुठल्याही युनिक्स घराण्यातल्या मशीनवर ईटीसी डिरेक्टरीतली सर्व्हिसेस नावाची फाईल उघडा, त्याच वहीची नक्कल दिसेल. शिवाय १९८२ मध्ये मेलचा एसएमटीपी प्रोटोकॉल त्याने लिहिला. १९८३ मध्ये जॉइस रेनॉल्ड्सबरोबर टेलनेटचा नवा मसुदाही केला. लांब दाढी, पायात सँडल असा हा माणूस १९७७ पासून एकाच संस्थेत राहून हे सगळं सांभाळत होता.

टेलनेटमध्ये एक मोठी खोट होती. पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलेनेनने एसएसएच लिहिलं. त्याला २१ आणि २३ च्या मधला रिकामा नंबर हवा होता. त्याने पोस्टेलच्या ऑफिसला मेल केला आणि दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्सचं उत्तर आलं, २२ तुझा. ना फी, ना शिफारस!

पण मला सगळ्यात विचारात पाडलं ते २८ जानेवारी १९९८ ने. इंटरनेटवरच्या नावांची मूळ यादी कुणाच्या ताब्यात असावी, यावर तेव्हा सरकार आणि कंपन्यांत ओढाताण चालू होती. पोस्टेलने रूट सर्व्हर चालवणाऱ्या बारापैकी आठ जणांना मेल केला, की यादी कंपनीच्या मशीनऐवजी माझ्या मशीनवरून घ्या. त्या आठांनी आपापल्या मशीनवर तेवढी सेटिंग बदलली. वापरणाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही. अमेरिकन सरकार मात्र हादरलं. बदल मागं घे, असं त्याला बजावलं गेलं. आपण फक्त चाचणी घेतली, असं म्हणून त्याने सगळं पूर्ववत करवलं. बरोबर होतं की चूक, यावर अजून वाद आहे. पण एक खरं, त्याच्याकडे ना हुकूम होता ना पोलीस. त्या आठ जणांनी ऐकलं ते त्याच्या तीस वर्षांच्या चोख कामामुळे.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला. त्याचं नंबरवाटपाचं काम पुढं चालवायला नवी संस्था नुकतीच, ३० सप्टेंबरला, नोंदली गेली होती.

असो. हल्ली मी दूरच्या मशीनवर काही बदलण्याआधी फाईलची एक प्रत ठेवतो. रीस्टार्टआधी सेटिंग्ज तपासून घेतो आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होईपर्यंत पहिली खिडकी बंद करत नाही. रूटचा पासवर्ड मिळाला म्हणजे मशीन आपलं झालं असं नाही. त्या मशीनवर आणखी कितीतरी जणांची कामं चालू असतात, हे त्या रात्री मी विसरलो होतो. आणि हो, आमच्या सर्व्हरचा पोर्ट पुन्हा २२ केलाय!