यंत्राला विसरायला शिकवणारा माणूस

बँकेत हयात गेली. जुनी कागदपत्रे जपणे सोपे, टाकायचे काय हे ठरवणे महाकठीण, हे मला तिथे कळले. जॉन मॅकार्थी यांनी हे ठरवण्याचे काम यंत्रावरच सोपवले.

त्यांचा जन्म १९२७ चा, बोस्टनचा. मंदीच्या दिवसांत कुटुंब लॉस एंजेलिसला आले. शाळकरी वयातच त्यांनी कॉलेजची गणिताची पुस्तके स्वतःच वाचून काढली. १९५८ मध्ये एमआयटीत त्यांनी ‘लिस्प’ ही संगणकभाषा रचायला घेतली. गणितातल्या फलनांवर तिची उभारणी. फलने सारखी नव्या याद्या मांडत, जुन्या तशाच पडून राहत. आयबीएम ७०४ संगणकाची स्मृती तोकडी. ती भरली की काम ठप्प.

मॅकार्थींनी तोड काढली. जागा संपली की यंत्राने चालू कामापासून निघावे, पोचेल तिथवर खुणा कराव्यात; बिनखुणेची जागा मोकळी. आमच्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यात मुळापासून वेल चाचपत जावे आणि मुळाशी न जुळलेले तेवढे काढावे, तसेच हे.

एका जाहीर प्रात्यक्षिकात यंत्र मध्येच थांबून सफाईची वर्दी छापू लागले. पाहुण्यांना ती थट्टाच वाटली, हशा पिकला. पुढे १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पमध्येच तिचा कंपायलर लिहिला. त्याने स्वतःलाही यंत्रभाषेत उतरवले.

मॅकार्थी २०११ मध्ये गेले. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये ती सफाई आजही चालते. आता कोणी हसत नाही, कारण ती कोणाला दिसतच नाही.