आचऱ्याचे कानविंदे आणि आमचा स्लॅब



कडेगावला आमचं माळवदाचं घर पाडून स्लॅब टाकला. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये आजी आत झोपतच नाही, तिची बाज अंगणात. मी सिव्हिलला ॲडमिशन घेतली तेव्हा तिने विचारलं की तूपण असल्याच भट्ट्या बांधणार का. मला उत्तर देता आलं नाही. पुढे अच्युत कानविंदे वाचले.

कानविंदे आपल्या कोकणातले. १९१६ साली आचऱ्याला जन्म. दोन वर्षांचे असताना आई गेली. वडील मुंबईत चित्रकला शिकवायचे आणि पोराचा ओढाही चित्रांकडेच, पण १९३५ मध्ये त्याने जे. जे. मध्ये आर्किटेक्चर घेतलं. मग सरकारने हार्वर्डला पाठवलं, तिथे गुरू कोण, तर वॉल्टर ग्रोपियस! परत आल्यावर सीएसआयआरच्या प्रयोगशाळा बांधल्या आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली.

महायुद्धानंतर युरोपात घरांची टंचाई होती. ल कॉर्बुझिएने मार्सेयला १९५२ मध्ये ३३७ घरांची एकच अवाढव्य इमारत उभी केली, तीही प्लास्टर न करता. शटरिंगच्या फळ्यांचे वळ तसेच काँक्रीटवर. यालाच पुढे ब्रूटलिझम म्हणू लागले. (आमच्या हॉस्टेलचं प्लास्टर पडलंय तो ब्रूटलिझम नव्हे!)

कानविंद्यांनी हे काँक्रीट कानपूरच्या आयआयटीत आणलं. काम १९५९ नंतरचं. तिथले पहिले संचालक पुरुषोत्तम केळकर, म्हणजे तिथेही मराठी माणूस. कानपूरचा उन्हाळा आपल्यापेक्षा भयंकर, लू वाहते. कानविंद्यांनी आरसीसीची फ्रेम उघडी ठेवली, मधे विटा भरल्या, इमारती सावलीतल्या दुमजली वाटांनी जोडल्या आणि गाड्या बाहेरच्या रस्त्यावर ठेवल्या. पोरांनी एका लेक्चरवरून दुसऱ्याला उन्हात न भाजता जावं, एवढा साधा हिशोब. मला तर हे कुठल्याही फसाडपेक्षा मोठं डिझाइन वाटतं.

मेहसाण्याची दूधसागर डेअरी (१९७०-७३) त्याहून भारी. गरम हवा वर जावी म्हणून छतावर काँक्रीटची उंच धुराडी काढली, आणि तीच इमारतीची ओळख झाली. उघडं काँक्रीट पावसात काळं पडतं, डाग दिसतात, हे खरं आहे. सगळ्यांना आवडत नाही. मलाही फोटोत आधी आवडलं नव्हतं.

२००२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

दिवाळीत आजीला कानपूरचे फोटो दाखवले. रंग का दिला नाही, हे तिने आधी विचारलं. मग त्या सावलीच्या वाटेवर बोट ठेवून म्हणाली की इथे बाज मावेल. आमच्या स्लॅबवर वारा जायला वाट कुठून काढायची, याचं स्केच सध्या माझ्या ड्रॉइंगच्या वहीत मागच्या पानावर चालू आहे.