बाबासाहेबांना संस्कृत शिकायचं होतं, पण मॅट्रिकला फारसी घ्यावी लागली

जेईई द्यायची की सीईटी, गणित ठेवायचं की बायोलॉजी, यावर आज घराघरांत खल होतो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी परळच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलालाही परीक्षेसाठी विषय निवडायचा होता. पण तो निवडणं त्याच्या हातात नव्हतं.

त्या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. साताऱ्याहून हे कुटुंब मुंबईत आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणं आणि तिथेच अभ्यास. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे. रात्री दोन वाजता वडील त्यांना उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. उशाशी जातं, पायाशी शेळी आणि समोर मिणमिणता दिवा.

पुस्तकांचा खर्च पेन्शनीत भागायचा नाही. मग रामजी लग्न झालेल्या मुलींकडे पैसे मागायचे. कधी त्यांचा दागिना गहाण पडायचा, पेन्शन आली की तो सोडवायचा. थोरल्या भावाला शाळा सोडून कामाला लागावं लागलं. भीमरावांचं शिक्षण मात्र थांबलं नाही.

त्या काळी हायस्कूलनंतर दोन परीक्षा होत्या. सरकारी कचेरीत नोकरी हवी असेल तर स्कूल फायनल. कॉलेजात जायचं असेल तर मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. म्हणजे आजच्या भाषेत मॅट्रिक हीच एंट्रन्स. भीमरावांनी मॅट्रिकची वाट धरली.

मॅट्रिकला इंग्रजीसोबत दुसरी भाषा लागायची. भीमरावांना संस्कृत हवं होतं. संस्कृतचा मान मोठा होता. या विषयात पहिल्या येणाऱ्याला गिरगावच्या नाना शंकरशेटांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळायची. पुढे 1912 साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली.

पण एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. ही शाळा सरकारी होती. परीक्षा द्यायला विद्यापीठाची मनाई नव्हती, पण विषय शिकायचीच सोय नाही म्हटल्यावर त्या परवानगीचा उपयोग काय? भीमरावांनी नाइलाजाने फारसी घेतली.

1907 साली ते मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण, म्हणजे 38 टक्क्यांच्याही आत. आजच्या कटऑफच्या जगात या आकड्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. पण त्यांच्या समाजातल्या मुलासाठी मॅट्रिक होणं हीच त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती.

1908 साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पुढे पैशांची अडचण आली, तेव्हा विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर मदतीला धावले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीरावांकडून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजातही भीमरावांचा विषय फारसीच राहिला.

त्यानंतरचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. 1913 साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, मग बॅरिस्टरी. एवढ्या पदव्या मिळाल्यावरही संस्कृतची ओढ सुटली नाही. ते स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले. 1946 साली शूद्रांच्या उगमावरचा त्यांचा ग्रंथ आला, त्यात त्यांनी ऋग्वेदापासूनचे दाखले तपासले. ज्या ग्रंथांपासून त्यांना लांब ठेवलं होतं, त्यांचीच त्यांनी उलटतपासणी घेतली.

एका खोलीत रात्री दोनला उठून अभ्यास करणाऱ्या या माणसाने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते पुस्तकांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. आणि 1946 सालीच पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं.

1950 साली स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात आंबेडकर कायदामंत्री होते आणि चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री. एकाला मॅट्रिकला संस्कृतची शिष्यवृत्ती मिळाली होती, दुसऱ्याला संस्कृतच्या वर्गातच बसू दिलं नव्हतं.

परीक्षेचा पेपर सगळ्यांना सारखाच असतो. त्या पेपरपर्यंत कोण पोहोचणार, हे मात्र बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं.