जगाच्या घड्याळाचा अभियंता

मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून परदेशी ग्राहकांची कामे होऊ लागली आणि संगणकाच्या पडद्यावर एकाऐवजी दोन-तीन घड्याळे दिसू लागली. एक आपले, एक लंडनचे, एक न्यूयॉर्कचे. कंपनीच्या संगणकावरील मूळ वेळ बदलण्याची मुभा कर्मचाऱ्याला बहुधा नसते. तिच्या शेजारी दुसऱ्या देशाचे घड्याळ मात्र मांडता येते. मूळ वेळ एक आणि तिची रूपे अनेक, या व्यवस्थेचा ध्यास घेणारे सर सँडफर्ड फ्लेमिंग हे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. ते रेल्वेचे अभियंता होते.

स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी या गावी 7 जानेवारी 1827 रोजी त्यांचा जन्म झाला. 1845 मध्ये ते कॅनडात गेले. जमीन मोजणे, नकाशे काढणे ही कामे करता करता 1851 मध्ये त्यांनी बीव्हर या प्राण्याचे चित्र असलेले कॅनडा प्रांताचे पहिले टपाल तिकीट रेखाटले. पुढे इंटरकलोनियल रेल्वेचे मुख्य अभियंतापद त्यांच्याकडे आले आणि 1871 पासून पॅसिफिक महासागरापर्यंत जाणाऱ्या लोहमार्गाच्या पाहणीची धुराही त्यांनी वाहिली.

त्या काळी गावोगावी सूर्य माथ्यावर आला की बारा वाजत. बैलगाडीच्या जगात त्याने काही अडत नसे. आगगाडी आली आणि प्रत्येक स्थानकाची वेळ निराळी, हा घोळ जीवघेणा ठरू लागला. 1876 मध्ये आयर्लंडमधील बंडोरन स्थानकावर फ्लेमिंग यांची गाडी चुकली. वेळापत्रकात सकाळच्या जागी सायंकाळ छापली गेली होती. या साध्या मुद्रणदोषाने त्यांना विचारात पाडले.

साऱ्या पृथ्वीसाठी एकच वैश्विक वेळ असावी, दिवस 24 तासांचा मोजावा आणि पृथ्वीचे 24 विभाग पाडून त्यांना अक्षरांची नावे द्यावीत, अशी योजना त्यांनी मांडली. स्थानिक वेळ पुसून टाकण्याचा आग्रह तिच्यात नव्हता. स्थानिक आणि वैश्विक अशा दोन्ही वेळा एकाच तबकडीवर दाखवणारे घड्याळही त्यांनी बनवून घेतले.

विद्वानांनी प्रथम या कल्पनेची उपेक्षाच केली. 1880 मध्ये पॅसिफिक रेल्वेचे मुख्य अभियंतापदही त्यांना सोडावे लागले. तरी पत्रके, निबंध आणि पत्रव्यवहार थांबला नाही. 18 नोव्हेंबर 1883 रोजी उत्तर अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी विभागवार प्रमाणवेळ स्वीकारली. त्या निर्णयात विल्यम ॲलन यांच्यासारख्या इतरांचाही मोठा वाटा होता. 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेत फ्लेमिंग ब्रिटिश प्रतिनिधींपैकी एक होते. आरंभरेषा कोणत्याही राष्ट्राच्या राजधानीतून जाऊ नये, म्हणून ग्रिनिचच्या नेमक्या विरुद्ध बाजूचे रेखावृत्त घ्यावे, ही त्यांची सूचना मान्य झाली नाही. परिषदेने ग्रिनिच निवडले, वैश्विक दिवसाची कल्पना उचलून धरली आणि स्थानिक वेळेच्या वापराला बाधा येऊ दिली नाही. 24 विभागांची सक्ती तिने कोणावरही केली नाही.

ही सक्ती किती अवघड ठरली असती, हे मुंबईइतके दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच दाखवले असेल. 1906 मध्ये ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा 39 मिनिटे मागे असलेली आपली वेळ सोडण्यास मुंबईकर राजी नव्हते. मुंबई महापालिकेची घड्याळे 1950 पर्यंत जुन्या वेळेवरच चालत राहिली. शिवाय साडेपाच तासांचे हे अंतर फ्लेमिंग यांच्या पूर्ण तासांच्या चौकटीत बसत नाही. आपला मध्यान्ह परक्याने ठरवावा, हे कोणालाच सहज रुचत नाही.

1897 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेली कॅनडा-ऑस्ट्रेलिया समुद्री तारही 1902 मध्ये पूर्ण झाली. 22 जुलै 1915 रोजी हॅलिफॅक्स येथे त्यांचे निधन झाले.

आज जगभरचे संगणक एका समान वैश्विक वेळेशी आपला मेळ राखतात आणि पडद्यावर ती ज्याच्या त्याच्या वेळेत रूपांतरित करून दाखवतात. मुंबईतील कर्मचारी रात्री लंडनच्या सहकाऱ्याशी बोलताना दोन्ही घड्याळांकडे पाहतो, तेव्हा कोणालाही आपली वेळ सोडावी लागत नाही. फ्लेमिंग यांच्या योजनेतील हाच भाग सर्वांत टिकाऊ ठरला.