विश्लेषण : पत्रकारितेचा वर्ग नव्हता, तरीही आगरकर २४व्या वर्षी संपादक कसे झाले?

निकाल लागले, की पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांसाठी प्रवेशाची धावपळ सुरू होते. प्रवेश मिळाला, की पुढचा प्रश्न उभा राहतो : वर्गाबाहेर काय करायचे? महाविद्यालयाचे भित्तिपत्रक, विभागाचा अंक, कॅम्पस रेडिओ, वक्तृत्व आणि निबंध स्पर्धा, एखाद्या छोट्या दैनिकात उमेदवारी… यात वेळ घालवावा, की गुणपत्रिका सांभाळावी? ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांच्या काळी पत्रकारितेचा अभ्यासक्रमच नव्हता. मग ते घडले कुठे? त्यांचा जीवनप्रवास या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देतो.

आगरकरांचे शिक्षण कसे झाले?

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी साताऱ्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. कऱ्हाडला काही काळ कचेरीत उमेदवारी करावी लागली. पुढे शिक्षणासाठी रत्नागिरी आणि मग नातेवाइकांच्या आधाराने अकोला गाठावे लागले. १८७५ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगावर एकच सदरा, तोच रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असे त्यांच्या या दिवसांबद्दल सांगितले जाते.

लेखनाचा सराव कुठे झाला?

अकोल्याहून निघणाऱ्या ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रासाठी आगरकर लिहीत. महाविद्यालयात निबंध आणि वक्तृत्व स्पर्धांत उतरत. शिष्यवृत्ती, बक्षिसाची रक्कम आणि लेखनाचे चार पैसे यांवर त्यांचे शिक्षण पुढे सरकले. आज आपण ज्याला अभ्यासेतर उपक्रम म्हणतो, तो त्यांच्यासाठी छंद नव्हता. त्यावर फी आणि जेवण अवलंबून होते.

याचा एक फायदा झाला. स्पर्धेतील निबंधात मुद्दा मांडून तो शेवटपर्यंत सिद्ध करावा लागतो. वृत्तपत्रातील मजकूर अनोळखी वाचकाला समजावा लागतो. या दोन्ही गोष्टींची सवय आगरकरांना पदवी हाती येण्यापूर्वीच लागली होती. त्यांच्या पुढच्या निबंधांत दिसणारी युक्तिवादाची शिस्त या सवयीशी जुळणारी आहे.

टिळकांशी मैत्री कशी झाली?

एम.ए.चा अभ्यास करत असताना, १८७९च्या सुमारास, डेक्कन कॉलेजातच आगरकरांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. टिळक तेव्हा कायद्याचा अभ्यास करत होते. दोघेही एकाच वयाचे. देशासाठी काय करायचे, आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावर त्यांचे वाद चालत. सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचे, हा निश्चय याच चर्चांतून झाला. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आगरकरांनी आईला पत्रातून कळवले होते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए. झाल्यावर आगरकर तेथे रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’ काढला. ‘केसरी’चे संपादकपद आगरकरांकडे आले, तेव्हा ते २४ वर्षांचे होते.

तुरुंगात का जावे लागले?

कोल्हापूर संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करत असल्याचा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केला. त्याला आधार होता बर्वे यांच्या नावाने असलेल्या पत्रांचा. ही पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण खटला मागे घेतला गेला नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे २६ ऑक्टोबरला सुटले.

या प्रकरणाने दोघांना लोकप्रियता मिळवून दिली. मात्र त्यातला दुसरा धडा कमी सांगितला जातो. हेतू चांगला होता, कळकळ खरी होती. पण हाती आलेला कागद खरा नव्हता. आज व्हॉट्सअॅपवर आलेला ‘स्क्रीनशॉट’ बातमीत वापरण्यापूर्वी पत्रकारापुढे हाच प्रश्न असतो.

आगरकरांनी तुरुंगातले दिवसही वाया घालवले नाहीत. तेथील अनुभवांवर त्यांनी पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा त्यांनी केलेला अनुवाद ‘विकारविलसित’ नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘केसरी’ का सोडला?

बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण या विषयांवर आगरकरांना स्पष्ट लिहायचे होते. ते ‘केसरी’च्या सर्व चालकांना मान्य नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचा ‘सुधारक’ सुरू केला. त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन भाग होते. इंग्रजी बाजू सांभाळायला त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांना घेतले. गोखले तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. स्वतःला तरुणपणी मिळालेली संधी आगरकरांनी पुढच्या तरुणाला दिली.

या लेखनाची किंमतही मोठी होती. पुण्यात आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. जिवलग मित्र टिळकांशी जाहीर वाद झडले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघे समोरासमोर उभे होते. तरी लेखणी थांबली नाही. दम्याचा त्रास सोसत ते लिहीत आणि शिकवत राहिले. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

आजच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग असलेले रानडे इन्स्टिट्यूट आज फर्ग्युसन रस्त्यावरच आहे. विद्यापीठाचा ‘विद्यावाणी’ हा कम्युनिटी रेडिओही आहे. आगरकरांना यातले काहीच उपलब्ध नव्हते. त्यांच्या वाटेवरून तीन गोष्टी मात्र सहज उचलता येतात.

पहिली, छोटे व्यासपीठ कमी लेखू नका. अकोल्याच्या पत्रात लिहिणारा विद्यार्थीच पुढे ‘केसरी’चा संपादक झाला. दुसरी, मतभेद असलेला मित्र जपा. त्याच्याशी वाद घालताना आपला मुद्दा पक्का होतो. तिसरी, महाविद्यालयाच्या अंकातही बातमी पडताळूनच छापा, कारण सवय तिथेच लागते.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांपेक्षा संस्थांसाठी आहे. आगरकरांना लेखनाचे पैसे मिळाले, म्हणून ते शिकू शकले. आज अनेक ठिकाणी इंटर्नशिप बिनपगारी असते. ज्याला महिन्याच्या मेसचे पैसे स्वतः उभे करायचे आहेत, त्याला ती परवडत नाही. तो डिलिव्हरीचे काम धरतो आणि बातमीपासून दूर जातो. टेंभूचा मुलगा आज प्रवेश घ्यायला आला, तर वर्गात त्याला जागा मिळेलही. पण वर्गाबाहेरच्या संधी त्याला परवडतील का, हे महाविद्यालये आणि वृत्तपत्रांनी स्वतःला विचारायला हवे.